आमची वाटचाल : ओळखीचं काम आणि मशीनचा तास

आमच्या वर्कशॉपला यंदा २६ वर्षं होतील. लेथचं काम, म्हणजे धातूचा तुकडा (आम्ही त्याला जॉब म्हणतो) फिरवत ठेवून टूलने कापायचा. आटे, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी), शाफ्ट, कीवे (शाफ्टातल्या खाचा). ज्यांना माहिती आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको. यातली बहुतेक वर्षं सरळ गेली. जॉब आला, केला, दिला, पैसे आले. मला लिहायचंय ते सहाव्या वर्षाबद्दल. त्या वर्षी आम्ही बुडता बुडता वाचलो, आणि बुडवायला निघालेलं काम होतं एका ओळखीच्या माणसाचं, फुकट घेतलेलं.

सुरुवात दोघांनी केली. मी आणि माझा भागीदार एकाच कारखान्यात टर्नर होतो, शेजारशेजारच्या मशीनवर. हात त्याचा माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी आजही कुणासमोरही म्हणेन. चार जॉच्या (जबड्यांच्या) चकात, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीत, वेडावाकडा जॉब तो पाच मिनिटांत सेंटरला आणायचा. माझा डायल (जॉब किती डगमगतो ते दाखवणारं मापयंत्र) लावून होईतो त्याचा पहिला कट लागलेला असायचा. नव्या पोरांसाठी सांगून ठेवतो, समोरासमोरच्या दोन जॉवर डायल जेवढा फरक दाखवतो त्याच्या निम्माच जॉब सरकवायचा. ०.१० मिमी दिसला तर ०.०५. पोरं अख्खा फरक काढायला जातात, म्हणून जॉब इकडून तिकडे नाचत राहतो.

पहिलं मशीन जुनंच घेतलं. साडेसहा फुटी बेड, ३ हॉर्सपॉवरची मोटर, लीड स्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) इंची. रंग, चाकं, मोटरचा आवाज यातलं काहीही भागीदाराने बघितलं नाही. त्याने सॅडल, म्हणजे बेडवरून टूल घेऊन सरकणारा भाग, चकाजवळ आणलं, तिथे ते जेमतेम सरकेल इतकं आवळलं आणि मग दुसऱ्या टोकाकडे, टेलस्टॉकच्या बाजूला ढकलत नेलं. बेड झिजतो तो चकाजवळ, कारण सगळं काम तिथेच होतं. झीज जास्त असेल तर न झिजलेल्या भागात सॅडल अडकतं. आमचं थोडं जड झालं, पण अडकलं नाही. जुनं लेथ घेणाऱ्याने एवढं तरी करावंच.

मशीनबरोबर चेंज गिअरची, म्हणजे आट्यांचं माप बदलायला लावायच्या गिअरांची, लाकडी पेटी आली. तिच्यात १२७ दातांचा गिअर होता. इंची लीड स्क्रूवर ज्याने मिलिमीटरचे आटे पाडलेत त्याला त्याची किंमत कळेल. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट बरोबर १२७. हा गिअर असेल तर पिच (दोन आट्यांमधलं अंतर) अचूक येतो. ६३ आणि ८० दातांच्या जोडीने जवळपास जाता येतं, मीटरभर लांबीत ०.१२५ मिमीची चूक पडते. बोल्टाला ती कळत नाही, लांब स्क्रूला कळते. आणि हो, असे आटे पाडताना हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा नट) उघडायचा नाही, मोटर उलटी फिरवूनच मागे यायचं. त्या गिअरकडे मी परत येणार आहे.

वर्कशॉप उघडल्यावर पहिल्या काही महिन्यांत गिऱ्हाइकं कमी आली आणि ओळखीचे जास्त. 'मशीन चालूच आहे तर हे एवढं भोक मार.' 'दोन मिनिटांचं काम आहे.' 'तुझ्याकडे तर सगळं आहेच.' या तीन वाक्यांवर आमची पहिली पाच वर्षं गेली. भागीदाराचं म्हणणं सरळ होतं, मशीन आपलं, हात आपला, ओळखीच्या माणसाकडून पैसे कसले घ्यायचे? माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. मलाही पैसे मागताना जड जायचं. जॉब पुसून हातात द्यायचा, समोरच्याने 'किती झाले?' म्हणायचं आणि आपण 'असू दे' म्हणायचं. हे मीही केलंय, शेकडो वेळा केलंय.

तिसऱ्या वर्षी मी एक वही घातली. फुकटच्या कामाची. कुणाचं काम, मशीन किती वेळ अडकलं, एवढंच लिहायचं. वर्षाच्या शेवटी बेरीज केली ती २१४ तास आली. त्यातले ६१ माझ्या नावावर होते, बाकीचे भागीदाराच्या. वही त्याच्यापुढे ठेवली तर म्हणाला, 'तू ओळखीचे तास मोजतोस?' त्या दिवशी आमच्यात पहिल्यांदा आवाज चढला.

यात माझा मुद्दा काय होता तो नीट मांडतो, कारण अजूनही लोक मला चिकट म्हणतात. बाहेरच्याला फक्त वीज दिसते. ३ हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भारावर तासभर चालली तरी अडीच युनिटांच्या आसपास वीज खाते, आणि एका बुशाला पूर्ण भार लागतच नाही. म्हणून त्याला वाटतं, खर्च तो कितीसा? पण एकच नग करायचा तरी आधीचा जॉब उतरवायचा, चक बदलायचा, सेंटर काढायचं, टूलची उंची बसवायची, जुना बुश मोजायचा. मी घड्याळ लावून बघितलंय. एका साध्या बुशाला ७० मिनिटं लागली आणि त्यात धातू कापला जात होता फक्त १२ मिनिटं. शंभर नगांची ऑर्डर असेल तर ती ५८ मिनिटं शंभरात वाटली जातात. ओळखीचा माणूस नेहमी एकच नग घेऊन येतो. म्हणजे सगळ्यात महाग काम तोच आणतो, आणि ते त्याला ठाऊकही नसतं. त्यात जॉब वेल्डिंग भरलेला असेल तर इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याची) एक धार गेलीच समजा.

आता सहावं वर्ष. भागीदाराच्या एका मित्राने बिडाचा एक मोठा ब्रॅकेट आणला. बोअर (आतलं भोक) मोठा करायचा होता. ब्रॅकेट एका बाजूला जड. तो फेस प्लेटवर (चकाऐवजी लावायच्या सपाट तबकडीवर) बांधला तर समोरच्या बाजूला काउंटर वेट, म्हणजे समतोलाचं वजन, लावायलाच हवं, आणि आधी हाताने फिरवून बघायला हवं की कुठल्याही जागी थांबतो का. हे मी त्याला शिकवायची गरज नव्हती, त्यानेच मला शिकवलं होतं. पण संध्याकाळ झाली होती, दिवसभर पैशाची कामं उरकून तो थकला होता, मित्र शेजारी उभा राहून गप्पा मारत होता. फुकटचं काम नेहमी दिवसाच्या शेवटी, उरलेल्या ताकदीत होतं. वजन लावलं नाही. त्यात आधीच्या बारीक जॉबचा जास्त वेग गिअरमध्ये तसाच राहिला होता.

क्लँप सुटला. ब्रॅकेट टूल पोस्टवर आदळला. कंपाउंड स्लाइड तुटली, क्रॉस स्लाइडचा स्क्रू वाकला, हेडस्टॉकमधल्या (चक फिरवणाऱ्या भागातल्या) एका गिअरचे चार दात उडाले आणि मेन बेअरिंग गेलं. माणसाला काही झालं नाही, त्याबद्दल मी आजही हात जोडतो.

दुसऱ्या दिवशी तो मित्र आला आणि त्याने फुटलेल्या ब्रॅकेटची भरपाई मागितली. मशीन कसं आहे, हे विचारलंही नाही. 'तुमचं मशीन कमजोर होतं, त्यात माझा काय दोष?' हे त्याचे शब्द. आणि भागीदाराने मला न सांगता त्याला पैसे दिले. वर्कशॉपच्या गल्ल्यातून.

मशीन ७ आठवडे बंद राहिलं. एका कारखान्याची दर महिन्याला ३०० बुशांची ऑर्डर आमच्याकडे होती, भाडं आणि हप्ता त्यावर निघायचा. पलीकडच्या गल्लीत आणखी एक लेथवाला होता. तो त्या कारखान्यात जाऊन सांगून आला की आमचं वर्कशॉप कायमचं बंद पडलं. कायमचं! आम्ही रोज शटर उघडून हेडस्टॉक सोडून बसलो होतो, आणि तो हे येता-जाता बघत होता. आमच्याहून कमी दर लावून त्याने ती ऑर्डर उचलली. ती परत कधी आली नाही. दर कमी लावणं हा धंदा आहे, त्याला मी काही म्हणत नाही. पण जे खोटं बोलला ते मी विसरलेलो नाही.

त्या ७ आठवड्यांत बेंच ग्राइंडर विकला, ड्रिल मशीन विकलं. टिकलो ते पंपवाल्या काकांमुळे.

काका पंप दुरुस्त करायचे. पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक, आणि ओळखीचं म्हणायचं तर सगळ्यात जास्त ओळखीचं. तरी जॉब टेबलावर ठेवायच्या आधी विचारायचे, 'किती घेशील?' मी 'असू दे काका' म्हटलं की जॉब परत पिशवीत घालायचे. एकदा म्हणाले, 'मशीन तुझं आहे, पण झीज माझ्या जॉबची आहे.' त्यांच्याकडे जुना मायक्रोमीटर होता, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेला. प्रत्येक बुश माझ्यासमोर मोजायचे. दाबून बसवल्यावर गनमेटलच्या बुशाचा बोअर आवळतो, म्हणून तो किती मोकळा ठेवायचा हे आम्ही दोघांनी मिळून, चुका करत, त्यांच्या वहीत साइजवार लिहून काढलं होतं. मशीन बंद पडलं तेव्हा त्यांनी ११ शाफ्ट अडवून ठेवले. त्यांची गिऱ्हाइकं त्यांच्यावर ओरडत होती, पण ते दुसरीकडे गेले नाहीत. उलट त्या ११ शाफ्टांचे पैसे आगाऊ आणून दिले. नवीन बेअरिंग त्या पैशातून आलं.

मशीन सुरू झाल्यावर पहिले ते ११ शाफ्ट केले. भागीदार त्यानंतर चार महिन्यांनी वेगळा झाला. हिशोब झाला, त्याचा वाटा मी हप्त्यांनी दिला, एकही हप्ता चुकवला नाही. पुढची बरीच वर्षं भरभराटीची गेली. दुसरं मशीन आलं, मग तिसरं.

आता बरेच नवे वर्कशॉपवाले मला विचारतात की ओळखीच्यांकडून पैसे घ्यावेत का. घ्यावेत. पण किती आणि कसे, हे जॉब चकात जायच्या आधी ठरवावं. मी दोन भाग करतो. मशीनचा तास वेगळा, हाताची मजुरी वेगळी. मशीनचा तास मी कुणालाही सोडत नाही, सख्ख्या भावालाही नाही. तो काढताना मशीनची किंमत, दुरुस्ती, टूल, वीज आणि जागेचं भाडं मिळवायचं आणि मशीन खरोखर जितके तास कामात असतं तितक्यांनीच भागायचं. शटर ८ तास उघडं असतं म्हणून ८ ने भागणारे बरेच आहेत, त्यांचं मशीन निम्मा वेळ उभं असतं आणि दर निम्मा निघतो. मजुरी माझी आहे, ती सोडायची की नाही हे मी ठरवतो. घरातली तुटलेली वस्तू असेल तर सोडतो. त्या जॉबवर तो माणूस पुढे कमावणार असेल तर पूर्ण घेतो, मग तो कितीही जवळचा असो.

कागदावर लिहून द्यायचं. मजुरी सोडली तर तीही लिहायची आणि पुढे शून्य लिहायचं, म्हणजे काय सोडलं ते दोघांना दिसतं. जॉब बिघडायची शक्यता असेल, बिडाला जुना तडा असेल, तर तेही आधी सांगून लिहायचं. 'मीच चालवतो मशीन, तू फक्त दे' म्हणणाऱ्याला मशीन द्यायचं नाही, एवढंसं भोक असलं तरी नाही. चकात चावी विसरून मोटर चालू करणारे मी दोन पाहिलेत. दोघांनाही 'सगळं येत' होतं.

पैसे घ्यायला लागल्यावर काही जण यायचे बंद झाले. तीन-चार जण. बाकीचे येत राहिले, आणि त्यांचं काम आता वेळेत होतं. आधी फुकटचा जॉब मी दहा दिवस कोपऱ्यात ठेवायचो, तो माणूस फोन करायला संकोचायचा आणि मनात कुढायचा. आता तो हक्काने विचारतो, 'झाला का?' आणि मी हक्काने सांगतो, 'परवा.' हे मला आधी कळलं असतं तर भागीदारी टिकली असती असं कधी कधी वाटतं. माहीत नाही. वही त्याच्यापुढे ठेवायची माझी पद्धत चुकली असेल.

काका आता नाहीत. त्यांचा मुलगा पंपाचं काम करतो. तो पहिल्यांदा आला तेव्हा मी दर सांगायच्या आतच त्याने विचारलं, 'काका, किती घ्याल?' त्याच्याकडे तोच मायक्रोमीटर आहे. शून्य थोडं सरकलं होतं, ते मी लावून दिलं. त्याचे पैसे त्याने द्यायला काढले आणि मी घेतले.

भागीदाराचं वर्कशॉपही चालू आहे, चांगलं चालू आहे असं ऐकतो. वेगळा झाला त्या आठवड्यात त्याने मला विचारलं होतं, 'तो १२७चा गिअर दोन दिवसांसाठी नेऊ? एकच स्क्रू करायचाय.' वाटणीत पेटी माझ्याकडे आली होती. मी 'ने' म्हणालो. कागदावर लिहिलं नाही, पैसे सांगितले नाहीत, कारण त्याच्याकडून कसले घ्यायचे? मी पुढे दुसरा गिअर कापून घेतला, बिडाचा, चांगला आहे. पेटीत तो खाचेत हलत राहतो, कारण त्याचा बोअर मला थोडा मोठा ठेवावा लागला आणि मधली खुंटी त्याला ढिली होते. जुना अजून त्याच्याकडे आहे.