सेंट्रल पार्कमधील स्केट सर्कल

न्यूयॉर्कला गेलेला प्रवासी सेंट्रल पार्कमध्ये जातोच, पण तलाव, पूल आणि छायाचित्रे यांतच त्याचा वेळ संपतो. मी मात्र 72व्या रस्त्याच्या पश्चिमेकडील सबवे स्थानकातून बाहेर पडले ती थेट स्केट सर्कल पाहायला, म्हणजे चाकांच्या स्केटवर गाण्याच्या तालात फिरणाऱ्या-नाचणाऱ्यांचे उघड्यावरचे वर्तुळ. शीप मेडो या विस्तीर्ण हिरवळीच्या (येथे 1934 पर्यंत खरोखरच मेंढ्या चरत असत) पूर्वेला झाडांमधून जाणारा एक डांबरी रस्ता आहे. तेथे आधी गाण्याचा ठेका ऐकू येतो, मग कठड्याभोवती उभी असलेली माणसे दिसतात आणि त्यांच्यापलीकडे एकाच दिशेने फिरणारा स्केटरांचा प्रवाह.

या रिंकला, म्हणजे स्केटिंगच्या आखाड्याला, छप्पर नाही, भिंती नाहीत आणि तिकीटही नाही. तरीही ते रिंकच आहे, कारण रिंक ज्या शिस्तीने घडते ती येथे पुरेपूर आहे. बहुतेक रिंकांप्रमाणे सारे जण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, एका जागी नाचणारे मध्यभाग धरून राहतात आणि कोणी पडले, तर मागून येणारे त्याला वळसा घालतात व जवळचा कोणीतरी हात देतो. ही शिस्त कोणी ओरडून लावत नाही. नवखा माणूस दोन-चार फेऱ्यांत ती पाहून शिकतो. कठड्यापाशी विसावलेल्या एका वयस्क बाईंनी मला सांगितले, की पायांकडे पाहू नये, गुडघे किंचित वाकवावेत आणि पुढच्याच्या खांद्यांवर नजर ठेवावी. त्या येथे तरुणपणापासून येतात आणि बाकीच्यांपैकी निम्म्यांना नावाने ओळखतात. मला या जागेचे खरे वैभव त्या ओळखीत दिसले.

अशा वर्तुळाकार नृत्याचे मूळही याच शहरात आहे. जेम्स प्लिम्प्टन यांनी 1863 मध्ये न्यूयॉर्क येथे चार चाकी स्केटचे पेटंट घेतले. त्यापूर्वीच्या, चाके एकाच ओळीत बसवलेल्या स्केटवर वळणे फार कठीण होते. प्लिम्प्टन यांनी पुढे आणि मागे चाकांची एकेक जोडी बसवून आसांच्या जोडणीत रबराची गादी घातली, त्यामुळे शरीर ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला स्केट आपोआप वळू लागले. वळणे सोपे झाले, म्हणून मर्यादित जागेत अनेकांना एकत्र फिरता आले आणि रिंक ही कल्पना फोफावली.

मात्र अमेरिकेतील कित्येक रिंकांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, किंवा आठवड्यातील एखादीच रात्र त्यांच्या वाट्याला येत असे. ज्या रिंकांत त्यांना जागा मिळाली, तेथे त्यांनी आपापल्या शहराची शैली घडवली. 1941 मध्ये सुरू झालेल्या ब्रुकलिनच्या एम्पायर रिंकमध्ये स्केटर बिल बटलर यांनी रुजवलेली ‘जॅमिन’ शैली ही त्यांतलीच एक. ते रिंक 2007 मध्ये बंद पडले आणि मॅनहॅटनमधील रॉक्सी हे रिंकही त्याच वर्षी. बंद पडलेल्या रिंकमधले स्केटर विखुरले जाण्याची भीती अशा वेळी नेहमीच असते, कारण एकदा सवयीची रात्र गेली की माणसे एकमेकांच्या आयुष्यातूनही जातात. म्हणूनच उद्यानातील हे वर्तुळ मला अमोल वाटते. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून येथे स्केटर जमत आहेत. पुढे 1995 मध्ये सेंट्रल पार्क डान्स स्केटर्स असोसिएशन स्थापन झाली. डीजे, कठडे आणि परवानग्या यांचा भार तिचे स्वयंसेवक उचलतात. सार्वजनिक जागेत संगीत वाजवायचे, तर कोणालातरी अर्ज करावा लागतो, आवाजाची मर्यादा पाळावी लागते आणि संध्याकाळी सारे आवरावे लागते. हे कंटाळवाणे काम वर्षानुवर्षे कोणीतरी करते, तेव्हा बाकीच्यांना नाचता येते.

तुम्ही गेलात, तर एप्रिल ते ऑक्टोबरमधील कोरड्या हवेचा शनिवार किंवा रविवार निवडा, दुपार ढळू लागताना पोहोचा आणि स्केट स्वतःचे न्या. नवख्यांनी मऊ चाके घ्यावीत, कारण ती डांबराचे हादरे शोषतात. पाय घसरवत नाचणारे कठीण चाके पसंत करतात. संघटनेचा खर्च देणग्यांतून भागतो, तेव्हा केवळ पाहायला थांबलात तरी यथाशक्ती काही द्या.