आधी गहू खा, मग तपासणी

आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना एक प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की त्याचं उत्तर तोंडपाठ झालं होतं. धान्य खाणं शरीराला घातक आहे का? माझं उत्तर: नाही. अख्ख्या धान्यातून तंतू, लोह, मॅग्नेशियम आणि ब गटातली जीवनसत्त्वं मिळतात, ती नियमित खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी दिसतं. धान्यातल्या फायटेट या घटकामुळे लोह कमी शोषलं जातं हे खरं, पण भिजवलं, मोड आणले, आंबवलं की फायटेट बरंच कमी होतं. झालं. पुढचा पेशंट.

त्या दिवशी सकाळी आलेल्या बाई चौतिशीच्या होत्या. सात महिन्यांपासून त्यांनी झाडून सगळी धान्यं बंद केली होती. गहू, तांदूळ, मका, ज्वारी, सगळंच. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, धान्य विष आहे हे मला आता पटलंय. तुम्ही फक्त त्याशिवाय काय खायचं ते लिहून द्या."

असं कुणी म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडतेच. मी फाईल चाळली. दोन वर्षं लोहाच्या गोळ्या चालू होत्या, तरी हिमोग्लोबिन आठच्या वर सरकत नव्हतं. धान्य सोडल्यावर मात्र त्याच गोळ्यांवर ते पावणेअकरावर आलं होतं. पुढे सिलिअॅक या आतड्याच्या आजाराच्या रक्तचाचणीचा रिपोर्ट होता. नॉर्मल. मी समाधानानं पान उलटलं आणि माझं पाठ उत्तर त्यांना ऐकवलं. हळूहळू सगळी धान्यं पुन्हा सुरू करा, म्हटलं. त्या मान डोलवत होत्या, पण त्यांना एक अक्षर पटत नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं.

दुपारी जेवताना आमच्या पोटविकारतज्ज्ञ डॉक्टरांना मी हे थोडं चेष्टेच्या सुरातच सांगितलं. त्यांनी घास हातात धरूनच विचारलं, "चाचणी कधीची आहे?"

तारीख मी पाहिलीच नव्हती. फाईल पुन्हा काढली. धान्य सोडून पाच महिने झाल्यावरची.

माझं जेवण तिथेच थांबलं. सिलिअॅकमध्ये गहू, बार्ली आणि राय यांच्यातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. रक्तात सापडतात ती त्या हल्ल्याची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज. ग्लूटेन थांबलं की काही महिन्यांत ती खाली येतात, आणि चाचणी स्वच्छ निघते. म्हणजे त्या नॉर्मल रिपोर्टला काही अर्थच नव्हता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. विद्यार्थ्यांना मी स्वतः हे शिकवते. पण "धान्य विष आहे" हे वाक्य कानावर पडलं त्या क्षणी मी पेशंटचं ऐकणं बंद केलं होतं.

गोळ्यांचं कोडंही तिथेच सुटत होतं. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि सिलिअॅक सगळ्यात जास्त नासधूस करतो ती तिथेच. आतडंच घेत नसेल तर गोळ्या वाढवून काय होणार?

फोन करून त्यांना परत बोलावलं. चुकले, असं सरळ सांगितलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. भडकल्या त्या पुढचं ऐकून. खात्री करायची तर रोज पावाच्या दोन स्लाइस, निदान सहा आठवडे खायच्या. "म्हणजे ज्यानं मी आजारी पडले तेच पुन्हा खाऊ? तपासणीसाठी?" त्यांचा राग अगदी रास्त होता. डॉक्टरांनी आधी जनुकीय चाचणी सुचवली. डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे जनुक नसेल तर हा आजार जवळजवळ बादच होतो, मग हा छळ कशाला? पण ते जनुक निघालं. तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही, कारण शंभरातल्या तीस-चाळीस लोकांत ते असतं, आणि आजार होतो साधारण एकाला.

त्यांनी पाव खाल्ला. चौथ्या दिवसापासून पोट बिघडलं, तरी सहा आठवडे काढले. प्रतिपिंडं मर्यादेच्या दहापटीहून जास्त निघाली. एन्डोस्कोपीत घेतलेल्या तुकड्यात आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे सपाट झालेले दिसले.

रिपोर्ट घेऊन बसलो तेव्हा मी त्यांना डिके या डच बालरोगतज्ज्ञाबद्दल सांगितलं. गव्हावर त्याचा संशय आधीपासूनच होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि या आजाराची मुलं उपासमारीच्या त्या दिवसांतही सुधारताना दिसली. १९५० साली त्यानं प्रबंधात ते मांडलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या मुलांना तांदूळ चालायचा?"

"चालायचा. तुम्हालाही चालतो. मका, ज्वारी, बाजरी, सगळं चालतं. फक्त गव्हाच्या पिठात मिसळलेलं नको. ओट्स मात्र इतक्यात नकोत, आणि घेतलेच तर ग्लूटेनमुक्त लिहिलेलेच." (त्या शिक्क्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम ग्लूटेन आहे.)

"म्हणजे सात महिने मी भात उगाचच सोडला?"

"हो, ताई."

त्या आधी हसल्या, मग डोळे पुसले. मी नवा आहार लिहायला घेतला आणि सवयीनं पुढचं सांगितलं, की आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात दहातल्या एकाला हा आजार सापडू शकतो, तेव्हा घरच्यांचीही रक्तचाचणी करून घ्या.

त्यांचा हात रुमालासकट थांबला.

"मॅडम, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मला बरं वाटलं म्हणून तिचंही धान्य मी तेव्हाच बंद केलंय."