आरटीईचा अर्ज आणि नकाशावरचा लाल बलून : माझा अनुभव

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत मोफत प्रवेश मिळवण्याच्या ऑनलाइन अर्जात सगळ्यात अवघड काय असेल, तर नकाशावर स्वतःचं घर दाखवणं. बाकीचे रकाने मराठी वाचता येणारा कुणीही भरू शकतो.

आमच्या सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या ताई पुण्यात पर्वतीच्या उतारावर, जनता वसाहतीत राहतात. धाकटी पहिलीच्या वयाची झाली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, ते पंचवीस टक्क्यांचं भरायचंय. नेटवाला पैसे घेतो, पण काय भरतो ते दाखवत नाही." अर्जाला शासनाची एक रुपयाही फी नाही. म्हटलं, आपण दोघी मिळून भरू.

विनाअनुदानित खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. ताई खुल्या प्रवर्गातल्या, म्हणून वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असल्याचा दाखला हवा. पगार सगळा रोखीत. कुणी चिठ्ठी देत नाही, बँकेत जमा होत नाही. तलाठ्यांचा अहवाल जोडून 'आपले सरकार'वरून तहसीलदारांचा दाखला मिळवण्यातच बरेच दिवस गेले. मोबाइल नंबर ताईंचाच दिला आणि आधी त्याचं रिचार्ज मारून घेतलं, कारण अर्ज क्रमांक आणि पासवर्ड एसएमएसनेच येतो. नवऱ्याचा फोन महिन्यातले निम्मे दिवस बंद असतो.

मग तो बलून, म्हणजे नकाशावर घराची जागा दाखवणारी लाल खूण. पत्ता टाकला की तो भलत्याच ठिकाणी, मोठ्या रस्त्यावर जाऊन बसतो. वस्तीतल्या बोळांना नकाशावर नावं नाहीत. इथे चुकून चालत नाही, कारण त्या खुणेपासूनच शाळेचं अंतर मोजलं जातं. तेव्हा आधी १ किलोमीटरच्या आतल्या मुलांचा विचार व्हायचा, मग ३ किलोमीटरपर्यंतच्या. पडताळणीत घर दुसरीकडे निघालं तर लॉटरीत लागलेला नंबरही जातो. म्हणून लॅपटॉप मिटला आणि ताईंच्या दारात जाऊन फोनचं लोकेशन चालू केलं. उपग्रहाच्या चित्रात सगळे पत्रे सारखेच दिसत होते. ताईंनीच बोट ठेवून दाखवलं : हे देवळाचं शिखर, ही पाण्याची टाकी, हा आमचा निळा पत्रा. अक्षांश-रेखांशाचे आकडे लिहून घेतले आणि बलून तिथे नेऊन सोडला. त्या एवढ्या खूश झाल्या की शेजारणीला हाक मारून आणलं.

हे सगळं २०२४ सालचं. त्या वर्षी राज्य सरकारने नियम बदलला होता : १ किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागा ठेवण्यातून सूट. त्यामुळे आमच्या यादीत खासगी शाळा जवळजवळ दिसतच नव्हत्या. ताईंना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि सगळ्यांनाच नव्याने अर्ज भरावे लागले. दुसऱ्यांदा सगळे रकाने ताईंनी स्वतः भरले. जुलैत न्यायालयाने तो बदल रद्दच केला, त्यानंतर लॉटरीचा निकाल लागला. धाकटीचं नाव प्रतीक्षा यादीत होतं. एसएमएसवर विसंबून राहू नका, पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्वतः बघत राहा, हे मी आता सगळ्यांना सांगते. ताई रोज कामावरून येताना बसमध्ये बघायच्या. पुढच्या फेरीत नंबर लागला, मूळ कागद आणि झेरॉक्स तयारच होते, प्रवेश झाला.

त्या शेजारणीचं मात्र अडलंय. त्या भाड्याने राहतात आणि पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार नोंदणीकृत हवा. वस्तीत घरमालक करार रजिस्टर करून देत नाहीत. ज्यांच्याकडे स्वतःची खोलीसुद्धा नाही, त्यांच्याच मुलांना हा नियम दाराबाहेर ठेवतो, याचा मला मनापासून राग येतो. पुढचे अर्ज सुरू व्हायच्या आत मी आणि ताई त्यांच्या घरमालकाला भेटणार आहोत. करार नोंदवायचा खर्च आम्ही काही जणी मिळून उचलू, असं त्यांना सांगायचं ठरलंय.