चिठ्ठी नको, माईक

मंगळवार, रात्री उशिरा

आजची बैठक दीड तास चालली. मुद्दा एकच: पुढच्या आठवड्यातलं व्याख्यान ठेवायचं की रद्द करायचं. वक्त्यांची एका समाजाबद्दलची जुनी विधानं मुलांनी शोधून काढली आहेत आणि ती खरंच वाईट आहेत. निम्मे म्हणाले, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, बोलू द्या. उरलेले म्हणाले, मग त्या समाजातल्या मुलांनी कॅम्पसवर मान खाली घालून वावरायचं का? मी दोन्हीकडे मान डोलावली. (याला मी इतकी वर्षं समतोल म्हणत आले. भित्रेपणा होता.)

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती त्याच समाजातली. तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाली, "मॅडम, रद्द नका करू. फक्त प्रश्न चिठ्ठीवर नका घेऊ. माईक द्या."

चिठ्ठ्यांची पद्धत माझीच. वेळ वाचतो म्हणून. चिठ्ठ्या गोळा होतात, मी चाळते, बोचऱ्या बाजूला ठेवते आणि उरलेल्या गोड आवाजात वाचून दाखवते. बोचऱ्या कुणाच्या असायच्या, हे आज पहिल्यांदा आठवून पाहिलं.

घरी आल्यावर अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचं प्रकरण डोक्यात घोळत राहिलं. १ ऑक्टोबर १९६४. विद्यापीठात राजकीय प्रचाराला बंदी, तरी नागरी हक्क चळवळीचं टेबल मांडून बसलेल्या तरुणाला पोलिसांनी धरलं. विद्यार्थ्यांनी पोलिसांची गाडी सुमारे ३२ तास जागची हलू दिली नाही. बोलण्याचा हक्क त्यांना हवा होता तो कृष्णवर्णीयांच्या बरोबरीसाठी. आम्ही आज त्या दोन गोष्टी तराजूच्या दोन पारड्यांत घालून बसलो होतो.

नियमांवर भिस्त ठेवावी, तर मिशिगन विद्यापीठाने १९८८ मध्ये भेदभावाच्या बोलण्याविरुद्ध नियमावली आणली. हेतू चांगलाच होता. पण शब्द इतके मोघम, की मानसशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला वर्गात स्त्री-पुरुष फरकांवरचे सिद्धांत मांडायची धास्ती वाटली. तो कोर्टात गेला आणि १९८९ मध्ये नियमावली रद्द झाली.

वक्त्यांना मेल केली आहे: भाषण ३० मिनिटं, प्रश्नोत्तरं ४५ मिनिटं, सभागृहात दोन माईक, चिठ्ठ्या नाहीत. सहकारी म्हणतात, गोंधळ झाला तर सांभाळणार कोण? मीच, अजून कोण.

अजून उत्तर आलेलं नाही.