रामटेकच्या माळावर विष्णुक्रांता

पोळ्यानंतरच्या आठवड्यात रामटेकला गेलो, ते एका निळ्या फुलासाठी. पहिल्या दिवशी पोचायलाच दुपारचा दीड वाजला. नगरधनच्या रस्त्याने धुऱ्याधुऱ्याने तासभर हिंडलो, फूल काही दिसेना. बांधीत निंदण करणाऱ्या एका मावशींनी हटकलं, "काय शोधून राहिले जी?" मोबाइलवरचा फोटो दाखवला. "हे सकायचं फूल हाय. आता मिटलं असन. उद्या या."

तेव्हा जाणाऱ्यांनी हे आधी लक्षात ठेवा: वेळ सकाळी आठ ते अकराची. दुपारी पायाखाली असूनही ओळखू येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच मुरमाड पडीत जागेवर गुडघे टेकून बसलो आणि चहूकडे तीच दिसू लागली. भुईसरपट पसरलेल्या बारीक काड्या, पानांवर रेशमासारखी लव. फूल सदऱ्याच्या बटणापेक्षा लहान, आभाळी निळं, मध्यभागी पांढरं. पाकळ्या सुट्या नाहीत, सगळी मिळून एकच तबकडी.

पुष्कळजण 'विष्णुकांता' म्हणतात आणि विष्णूची लाडकी असा अर्थ लावतात. मूळ संस्कृत शब्दात मात्र 'क्रांता' आहे: विष्णूचं पाऊल जिच्यावरून गेलं ती. त्रिविक्रम म्हणजे तीन पावलांत विश्व मापणारा विष्णू, त्यातला 'क्रम' तोच. आणि रामटेकच्या डोंगरावर जुन्या वाकाटक राजांच्या काळातला त्रिविक्रम आहेच! मूर्ती भंगलेली, देवळाचे थोडेच खांब उरलेले. पण सकाळी ते फूल पाहून तिथे गेलो, तेव्हा मला बराच वेळ हलवेना. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, तिचा रिद्धपूरचा ताम्रपटही 'रामगिरीस्वामींच्या पायांपासून' दिलेला आहे; रामगिरी म्हणजे हेच रामटेक.

शास्त्रीय नावाची गोष्ट वेगळी. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये हिला कॉन्व्होल्व्ह्युलसमध्ये, म्हणजे गुंडाळत चढणाऱ्या वेलींत घातलं होतं. ही कशालाच विळखा घालत नाही, म्हणून १७६२ मध्ये नवी प्रजाती केली: इव्हॉल्व्ह्युलस, उलगडलेली.

नागपूरहून रामटेकला एसटी आहे, अंतर साधारण पन्नास किलोमीटर. पायात बूट घाला, पावसाळ्यात गवतात साप असतात. वावरात शिरायचं तर मालकाला विचारा. गडमंदिराकडे जाताना प्रसाद पिशवीत ठेवा, वानरं हातातून ओढून नेतात. आणि शंखपुष्पी समजून हिला उपटू नका. त्या नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती खपतात, ओळख पटल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही.

परतताना मावशी पुन्हा भेटल्या. "दिसलं का?" म्हणाल्या. फोटो दाखवला तर त्यांनी हातातला विळा खाली ठेवून तो नीट पाहिला.