आमची वाटचाल: भोकं पाडायची कशी?

बेळगावच्या उद्यमबागेतली आमची फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, लहान. ग्रे आयर्नची, म्हणजे ओतीव लोखंडाची, पंप केसिंग (पंपाची बाहेरची कवचं), 8 ते 40 किलोचे नग. सुरुवातीची वर्षं धडपडीत गेली, त्यात वेगळं काही नाही. सांगायचंय ते त्या पावसाळ्याचं, जेव्हा फौंड्रीला कुलूप लागायची वेळ आली.

आमचे गिऱ्हाईक कोल्हापूरचे तात्या. त्यांच्याकडे केसिंग लेथवर चढलं आणि पहिला कट गेला की आतले ब्लो होल, म्हणजे वायूने पडलेली भोकं, उघडे पडायचे. पाचातला एक नग परत. दुसऱ्या एका फौंड्रीवाल्याने त्याच केसिंगचं ड्रॉइंग मिळवून किलोमागे दोन रुपये कमी सांगितले, वर ‘यांचं लोखंडच खराब’ म्हणून बोभाटा केला. ते आजही डाचतं. लोखंड उत्तम होतं. साच्याच्या वाळूचा ओलावा 4 टक्क्यांच्या आत आणला, धातू ओतायचा लॅडल लाल होईपर्यंत तापवला, धातू जास्त गरम ओतला. भोकं तशीच.

तात्यांनी ऑर्डर तोडली नाही. रिजेक्ट नग कापून तुकडे पिशवीत घालून एसटीने घेऊन आले. भोकं फक्त कोअरच्या बाजूला होती. कोअर म्हणजे नगाची आतली पोकळी राखायला साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा.

मग कल्पना काढायला सहा माणसं बसवली: दोन मोल्डर (साचे करणारे), भट्टीवाला, फेटलिंगवाला (ओतलेला नग साफ करणारा), टर्नर आणि कोअर करणाऱ्या अक्का. पद्धत 6-3-5, जर्मनीच्या बेर्न्ड रोरबाख यांनी 1968 साली मांडलेली. सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्यांत, अर्ध्या तासात 108 नोंदी. तोंडी चर्चेत मालक बोलतो आणि मोल्डर मान हलवतो. कागदावर तसं होत नाही. मालकाने त्या सहांत बसूच नये. आमच्यात कुणी कानडी लिहिणारं, कुणी मराठी, म्हणून चित्रही चालेल असं ठरवलं. ‘हे करून झालंय’ म्हणायला बंदी.

प्रश्न मात्र उलटा ठेवला. भोकं थांबवायची कशी, याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. ‘उद्या प्रत्येक नगात भोकं पाडायचीच आहेत, काय कराल?’ ओली वाळू, थंड ओतणं, हे लगेच आलं. पहिली पानं अशी शिळीच निघतात, तिथे थांबू नका. चौथ्या फेरीत अक्कांनी चित्र काढलं: कोअर प्रिंटच्या, म्हणजे कोअर साच्यात टेकतो त्या भागाच्या, टोकाचा व्हेंट (वायू बाहेर जायची वाट) आणि त्यावर बूच.

नंतर प्रत्येक नोंदीपुढे एकच विचारायचं: हे आपण नकळत करतोय का? करत होतो. घाईत ग्रॅफाइटचा लेप ब्रशने न लावता कोअर बुडवायला लागलो होतो. लेप प्रिंटवर चढून व्हेंट बुजायचा आणि कोअरची वाळू धरून ठेवणारा बाइंडर जळून निघालेला वायू धातूत शिरायचा.

आधी फक्त प्रिंट लेपाबाहेर ठेवून 20 नग ओतले, नंतर 3 मिमी तारेने व्हेंट मोकळा करून आणखी 20, दोन्हींवर वेगळी खूण. दोन बदल एकदम केले तर गुण कशाचा ते कळत नाही.

ते ड्रॉइंग अजून आमच्याकडेच चालतं.