सभागृहाच्या मागची पाटी

व्याख्यान सहाचं. सहाला पाच कमी असताना वक्त्यांचा फोन आला. "पुढे अपघात झालाय, गाड्या हलत नाहीत. पाऊण तास तरी धरा." सभागृहात तोवर दीडेकशे माणसं येऊन बसली होती, सगळे माजी विद्यार्थी. शिकणाऱ्या मुलांना पाऊण तास थांबवणं सोपं. ती आपसात दंगा करून वेळ काढतात. माजी विद्यार्थी घड्याळाकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात.

आमच्या माजी विद्यार्थी कार्यालयाच्या व्याख्यानमालेचं काम मी बघते. विषय चालू काळातला हवा, हा मालेचा दंडक. त्यामुळे ओझोनचा विषय सुचवला तेव्हा समितीत हसू झालं. "तो प्रश्न सुटला की! चालू कुठे राहिलाय?" एकांनी विचारलंच. मी विषय रेटला, पण त्यामागे फार मोठा विचार होता असं नाही. वक्ते मोकळे होते आणि तारीख १६ सप्टेंबरच्या आसपासची मिळत होती. १९८७ साली त्याच दिवशी ओझोन खाणारे वायू बंद करायच्या माँट्रियल करारावर सह्या झाल्या, म्हणून तो ओझोन दिन. निमंत्रणपत्रिकेत शोभून दिसतं.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५पासून शुक्रवारची व्याख्यानं चालतात. तिथली एक दंतकथा आमच्या धंद्यातल्या माणसांना पाठ असते. १८४६ साली चार्ल्स व्हीटस्टन नावाचे शास्त्रज्ञ बोलायच्या आधीच धूम पळाले, आणि मायकेल फॅरडेंना ऐनवेळी उभं राहावं लागलं. तेव्हापासून म्हणे तिथे वक्त्याला व्याख्यानाआधी खोलीत कोंडून ठेवतात. इतिहासकार ही गोष्ट खरी मानायला तयार नाहीत. मला मात्र त्या संध्याकाळी ती अगदी पटली. फक्त माझ्याकडे फॅरडे नव्हते.

मग मी पाठकोरे कागद फाडून चिठ्ठ्या केल्या आणि वाटल्या. "सर येईपर्यंत प्रश्न लिहून द्या." एरवी प्रश्नांना आमच्याकडे शेवटची दहा मिनिटं मिळतात, तीही राहिली तर. 'वेळेअभावी' हा शब्द मी माईकवर इतक्यांदा उच्चारलाय की तो झोपेतही येत असेल.

साठ-सत्तर चिठ्ठ्या जमल्या. रंगमंचाच्या पायरीवर बसून मी त्या लावायला घेतल्या. 'ओझोनचं भोक बुजलं का?' हा गठ्ठा सर्वांत जाड. 'हे जमलं, मग कार्बनचं का जमत नाही?' हा त्याखालोखाल. उरलेल्या कुठल्याच गठ्ठ्यात बसेनात. एकीवर बारीक, सरळ अक्षरात होतं: 'आम्ही बारा काढून एकशे चौतीस भरला. आता तोही वाईट म्हणतात. आम्ही नेमकं काय केलं?' मला कळेना हे कसले आकडे. आणि एकीवर पेन्सिलने, नाव नाही गाव नाही: 'या हॉलच्या एसीत कोणता गॅस आहे?'

ही दुसरी मी बाजूला ठेवली. आगाऊपणा वाटला.

सर आले ते सात वाजायला दहा मिनिटं असताना, शर्ट पाठीला चिकटलेला. मी चिठ्ठ्या हातात दिल्या. उभ्या उभ्या त्यांनी सात-आठ वाचल्या आणि म्हणाले, "स्लाइड राहू द्या." चोपन्न स्लाइड होत्या. प्रोजेक्टरवाला मुलगा माझ्याकडे बघत राहिला.

पहिली चिठ्ठी घेतली तीच कळीची: 'हे आधी कुणाला कळलं नव्हतं का?' सर म्हणाले, कळलं होतं. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी लिहून ठेवलं होतं की फ्रिजमधले, स्प्रेच्या डब्यांतले सीएफसी वायू खाली कशातच विरत नाहीत. ते वर जातात, तिथल्या अतिनील किरणांनी फुटतात, आणि सुटलेला क्लोरिनचा एकेक अणू ओझोनच्या हजारो रेणूंचा फडशा पाडतो. प्रत्यक्ष भोक दिसायला मात्र अकरा वर्षं लागली. मग १९८५ साली अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरच्या मोजण्यांतून फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी दाखवलं की वसंत ऋतूत तिथला ओझोन भलताच उतरतोय. पुढे दोन वर्षांत करार. भोक अजून बुजलेलं नाही, पण सावरतंय. अंटार्क्टिकावर १९८०ची पातळी परत यायला साधारण २०६६ उजाडेल. सभागृहात पन्नाशीच्या पुढचीच माणसं जास्त. तो आकडा ऐकून जो सुस्कारा उमटला, तो स्लाइडवर कधीच उमटला नसता.

मग ती बारीक अक्षरातली चिठ्ठी. सरांनी वाचली, थांबले आणि विचारलं, "ही कुणाची?"

चौथ्या रांगेतून एक बाई उठल्या. मेकॅनिकलच्या जुन्या विद्यार्थिनी, शीतकरण यंत्रणांच्या दुरुस्तीत तीस वर्षं काढलेल्या. "बारा म्हणजे आर-१२, तुमचा सीएफसी. तो वरती काय करतो ते सर तुम्ही सांगितलंत. खाली तो कसा सुटायचा ते मी पाहिलंय. फ्रिज दुरुस्तीला आला की आम्ही नळी कापायचो. फुस्स. संपलं. रिकामा केल्याशिवाय काम कसं करणार? पकडून ठेवायचं यंत्र असतं हेसुद्धा फार उशिरा कळलं."

मी दहा मिनिटं उरल्याचं कार्ड वर केलेलं होतं. ते खाली घेतलं.

बाई बोलत राहिल्या. बाराच्या जागी आर-१३४ए आला तेव्हा नुसता गॅस बदलून भागत नव्हतं. जुन्या कॉम्प्रेसरमधलं खनिज तेल त्याच्याशी मिसळत नाही. नवं तेल लागतं, आणि ते नवं तेल हवेतली ओल चोखून घेतं. डबा उघडा राहिला की वाया. मुलांना शिकवता शिकवता त्यांची दोन वर्षं गेली. "एवढं करून वाटलं, चला, आपल्या हातून चांगलं झालं. आता म्हणतात, हा ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवतो."

सरांनी सावरून घेतलं नाही, हे मला आवडलं. म्हणाले, "खरंय. वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापवतो. म्हणून २०१६ साली रवांडातल्या किगालीत माँट्रियल करार दुरुस्त करून एचएफसी, म्हणजे हा १३४ए आणि त्याचे भाऊबंद, कमी करायचं ठरलं. पण तुम्ही बारा काढला नसता तर आज भोकही आणखी मोठं असतं आणि उष्णताही जास्त असती, कारण सीएफसी त्याहून जास्त तापवतात." मग त्यांनी फ्रिजसाठी सीएफसी शोधून काढणाऱ्या थॉमस मिजलींची गोष्ट सांगितली. त्याआधी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले जीवघेणे वायू असत. मिजलींनी १९३० साली हा नवा वायू लोकांसमोर छातीत भरून घेतला आणि मेणबत्तीवर फुंकला. मेणबत्ती विझली, माणूस ठणठणीत. विषारी नाही, पेटत नाही. "तेही सुरक्षितच शोधत होते," सर म्हणाले. बाई खाली बसल्या. समाधान झालं होतं का, सांगता येणार नाही.

व्याख्यान संपवून निधीचं आवाहन करायचं होतं. वरून तशी सक्त सूचना होती, अर्ज खुर्च्यांवर ठेवले होते. त्याऐवजी मी ती पेन्सिलची चिठ्ठी वाचली. का, ते आजही नीट सांगता येत नाही. सभागृह हसलं. सर म्हणाले, "मला काय माहीत? युनिटवर पाटी असते." आणि बाई शेवटच्या रांगेकडे चालू लागल्याच होत्या.

वीसेक जण मागच्या दाराने बाहेर पडलो. सभागृहाची मागची बाजू मी चार वर्षांत पहिल्यांदा पाहत होते: मोडक्या खुर्च्या, एक गंजलेला फलक आणि भिंतीला घरघरणारी दोन आउटडोअर युनिट्स. बाईंनी माझ्या फोनचा उजेड पाटीवर धरायला लावला. ऊन-पावसाने अर्धी अक्षरं गेली होती. कुणाच्या तरी रुमालाने त्यांनी ती पुसली. आर-२२.

"एचसीएफसी. सीएफसीचाच भाऊबंद," सर म्हणाले. "ओझोनला कमी खातो, पण खातो. शिवाय तापवतोही. विकसित देशांत २०२०मध्येच बाद झाला, विकसनशील देशांत २०३०पर्यंत बाद व्हायचाय. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता थोडा चालेल."

बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या वाकून तांब्याच्या नळीचा जोड बघत होत्या. जोडावर धूळ चिकटून काळी झाली होती. त्यांनी तिथून बोट फिरवलं आणि उजेडात धरलं. तेल. गॅससोबत थोडं तेल फिरत असतं, आणि जिथून गॅस गळतो तिथे ते बाहेर येतं, असं त्यांनी सांगितलं.

"वर्षाला एकदा गॅस भरून घेता ना?" त्यांनी मला विचारलं.

घेत होतो. बिलावर सही माझीच असते.

"इथून जातोय," बाई म्हणाल्या आणि बोट रुमालाला पुसलं.